बोरं, बिरडं आणि दाराची बेल

पनवेलच्या बाजारात बोरं आली की माझी मान खाली जाते. तुम्ही म्हणाल, बोरांनी तुझं काय घोडं मारलंय? काही नाही हो. बोरं बिचारी हातगाडीवर हिरवी-पिवळी पडलेली असतात, शेजारी हरभऱ्याच्या जुड्या, पलीकडे उसाची कांडी, आणि संक्रांत तोंडावर आलेली असते. गाडीवाली बाई विचारते, घरात लहान मूल आहे का, बोरन्हाणाला देऊ का. आणि मी, चांगला दाढीमिश्यांचा बाप्या, खिशातून मोबाइल काढून फोन आल्याचं नाटक करत पुढे सटकतो. परवाही तेच केलं. रिक्षा स्टँडपर्यंत गेलो आणि तिथे थांबून स्वतःला दोन शिव्या घातल्या, कारण मनीषाने मला घरून पाठवलं होतं ते बोरं आणायलाच.

मनीषा माझी बायको. उरणच्या बाजूला एका गोदामाच्या ऑफिसात ती नोकरी करते, सकाळी कंपनीची बस तिला नाक्यावरून उचलते. सई आमची मुलगी, साडेचार वर्षांची. राहायला आम्ही विचुंब्याला. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत घरतांची भाताची खाचरं होती. घरतकाकी तळमजल्यावरच राहतात आणि मागे उरलेल्या पट्ट्यात भात निघाला की जमिनीच्या ओलीवर वाल टोचतात. खायची ददात आहे म्हणून नव्हे, हौस म्हणून. तीन मजले भाड्याने दिलेली बाई डोक्याला फडकं बांधून सकाळी वालात उभी असते, आणि गॅलरीत दात घासणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारते. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची गाडी नवी, कुणाचं पोर खोकतंय, हे काकींना त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं. हे मला माहीत होतं. तरीही गेला हिवाळा मी जसा काढला तसा काढला, याला काय म्हणावं?

त्या हिवाळ्याच्या तोंडावर, दिवाळीत, आमच्या कंपनीने मिठाईच्या डब्याबरोबर आमच्या अख्ख्या विभागाला नारळ दिला. एरवी मी बोलका माणूस. चहाच्या टपरीवर उभा राहिलो की जगाचे प्रश्न सोडवून घरी येणारा. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडून निघेना. मनीषाला सांगितली, तीही जेवताना, ताटाकडे बघत. तिने माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, होईल काहीतरी, तोपर्यंत तू सईकडे बघ. बास. एवढ्या साध्या शब्दांत माझी बदली झाली. गावाकडे आईला मात्र फोनवर सांगितलं की हल्ली घरून काम असतं. आई म्हणाली, बरं झालं, उन्हातान्हाची दगदग वाचली. तेव्हापासून फोनवर तिच्याशी बोलताना मी गॅलरीत जाऊन बोलायला लागलो, कोणी ऐकायला नसतानासुद्धा.

सईचा एक प्रश्न होता. तिचे हात घाबरट होते. तिच्या प्लेग्रुपच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं होतं की ही मुलगी मातीला हात लावत नाही, कणकेला लावत नाही, रंगाचा ठिपका बोटावर पडला की हात वर धरून रडत उभी राहते. घरीही तेच. भात हाताने कालवायचा नाही, केळं सोललेलं नको, आंबा तर दुरूनही नको. चिकट, ओलं, बुळबुळीत असं जगात जे जे आहे त्यावर तिचा बहिष्कार. बाई म्हणाल्या, घाबरू नका, घरीच तिच्याशी खेळा, ऋतूप्रमाणे जे मिळेल ते तिच्या हातात येऊ द्या, जबरदस्ती करू नका. त्यांनी त्याला इंग्रजी नाव सांगितलं, सेन्सरी प्ले. मनीषाने मग मोबाइलवर व्हिडिओ शोधून काढले. त्यात गोऱ्यापान बायका पांढऱ्याशुभ्र टेबलावर तांदूळ निळे-गुलाबी रंगवून ट्रेमध्ये ओततात आणि त्यात त्यांची पोरं पायांनी नाचतात. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे तांदळाचा दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावायचा. मी म्हटलं, तांदूळ नको, दुसरं काहीही चालेल.

दुसरं काहीही म्हणजे काय काय, ते त्या हिवाळ्याने दाखवलं. पनवेलची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस नाक्यावर पोचेपर्यंत तो कमरेला बांधतो, तेवढीच. पण तेवढ्या थंडीतही काय काय येतं! मी गिरणीतून भाताचा तूस पोतंभर आणला. सईच्या आंघोळीच्या टबात तो ओतला आणि त्यात तिच्या बांगड्या, चमचे, एक लाकडी घोडा पुरून ठेवला. पहिले काही दिवस ती काठीने उकरायची. मग एका बोटाने. आणि एका सकाळी, मी वर्तमानपत्रात नोकरीच्या जाहिराती बघत असताना, खसखस आवाज आला म्हणून मान वर केली तर बाईसाहेब कोपरापर्यंत तुसात. केसांत तूस, भुवयांवर तूस. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाबा, हे गुदगुल्या करतंय.’ मला त्या दिवशी एवढा आनंद झाला की मी मनीषाला ऑफिसात फोन लावला. मागे कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने हळू आवाजात विचारलं, काय झालं? मी सांगितलं, हात घातला. तिने फोन लगेच ठेवला नाही.

पुढे मटार आले. सोलाण्याचे हरभरे आले. त्यांच्या आंबट खारीने बोटं चिकट होतात ते तिला आधी आवडलं नाही, मग बोट चाटून बघितलं आणि मग सगळी जुडीच चाटायला घेतली. काकींनी पोपटी लावली तेव्हा भांबुर्ड्याचा पाला वर पाठवून दिला. पोपटी माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे थंडीत मडक्यात हा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरतात, मडकं पालथं घालतात आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवतात. भांबुर्ड्याला एक रानटी वास असतो. सई तो पाला चुरगाळून हुंगायची आणि शिंकायची, पुन्हा हुंगायची, पुन्हा शिंकायची. दुपारभर आमच्या घरात हा कार्यक्रम चालायचा. गॅलरीतून ऊन फरशीवर यायचं, ऊन सरकेल तसा आमचा टबही सरकायचा. खरं सांगायचं तर इतका रिकामा आणि इतका भरलेला वेळ मी आयुष्यात कधी काढला नव्हता.

आणि सगळ्यात वरचा नंबर बिरड्याचा. वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. सालातून पांढरा दाणा सुळकन बाहेर येतो आणि नेम चुकला तर सरळ समोरच्याच्या नाकावर बसतो. पाणी बुळबुळीत होतं, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, वालाचा उग्र ओला वास घरभर राहतो. म्हणजे सईला ज्या ज्या गोष्टींची भीती होती त्या सगळ्या एका परातीत. पण दाणा उडतो हे एकदा तिने पाहिलं, आणि तिची भीती कुठल्या कुठे गेली. ती प्रत्येक दाण्याला म्हणायची, ‘ये बाळा बाहेर.’ एखादा नाहीच आला तर त्याला समजावायची, घाबरू नकोस, मी आहे ना. मनीषा पेणची, तिचा बिरड्यावर भारी जीव. त्या हिवाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून इतक्या वेळा बिरडं झालं की शेवटी तीच म्हणाली, आता जरा मेथी कर.

इथवर ऐकून वाटेल, मग मान खाली घालण्यासारखं काय आहे यात? सांगतो. आमच्या दाराला बेल आहे.

मी रोज सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचो. खाली घरातली हाफ पँट, वर इस्त्रीचा शर्ट. टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवायचा, गळ्यात हेडफोन. आणि खाली फरशीवर मी आणि सई, तुसात किंवा वालात. बेल वाजली की आमची कवायत सुरू. कुरियरवाला असो, वरच्या मजल्यावरच्या वहिनी असोत, पाण्याचा पंप बघायला आलेला माणूस असो, मी सईच्या कानात पुटपुटायचो, ‘पटकन, पटकन, कोणीतरी आलं!’ मग टब बाथरूममध्ये, परात टेबलाखाली, खाली अंथरलेले कागद गुंडाळून दिवाणाच्या मागे. तिचे हात पुसायचे, तिला चित्रांच्या पुस्तकापुढे बसवायचं, हेडफोन कानाला लावायचे आणि दार थोडंसं उघडून म्हणायचं, सॉरी हं, मीटिंगमध्ये आहे. भर दुपारी धडधाकट पुरुष पोरीबरोबर वाल सोलत बसलाय हे चारचौघांना कळू नये म्हणून एवढी यातायात. बायको बसने कामाला जाते आणि हा घरी! कोणी असं म्हटलं नव्हतं. म्हणण्याची कोणावर वेळच येऊ द्यायची नाही, यासाठी माझी धडपड चाललेली होती.

सईला ते आवडायचं. तिला तो खेळाचाच एक भाग वाटायचा, आणि मीही तसंच दाखवायचो. ती इतकी तयार झाली की बेलचा आवाज पुरा व्हायच्या आत कागद गुंडाळलेले असायचे. मी तिची पाठ थोपटायचो. म्हणायचो, शाब्बास, केवढी हुशार माझी मुलगी! पहिल्यांदा तुसात हात घातला तेव्हा मी तिला एवढी शाबासकी दिली नव्हती. हे आता आठवलं की ताटावरून उठून जावंसं वाटतं.

मग संक्रांत आली आणि मनीषाने बोरन्हाण घालायचं ठरवलं. रथसप्तमीपर्यंत कधीही घालता येतं, तिने सुट्टीचा दिवस बघितला. काळा फ्रॉक शिवून आणला, हलव्याचे दागिने स्वतः केले, मुकुट, हार, बाजूबंद, अगदी कमरपट्टासुद्धा. बिल्डिंगमधल्या बायका आपापली पोरं घेऊन आल्या. खरं तर असल्या वेळी घरातले पुरुष बाहेर कुठेतरी निघून जातात. मी स्वयंपाकघराच्या दारात रेंगाळत राहिलो, कारण मला बघायचं होतं. सईच्या हातांचं एवढं मोठं परीक्षाकेंद्र पुन्हा कुठे मिळणार? आणि खरोखरच, मापाने बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, शेंगा, रेवड्या असं सगळं तिच्या डोक्यावरून ओतलं तेव्हा ती किंचाळली नाही. तिने दोन्ही हात पसरले. ओंजळी भरभरून घेतल्या. इतर पोरं झेपावली तशी तीही पाटावरून खाली लोळली. मनीषाने पदराने डोळे टिपले. मीही तोंड दुसरीकडे फिरवलं. मला वाटलं, झालं, जिंकलो आपण.

तेवढ्यात बेल वाजली. मनीषाच्या ऑफिसातल्या दोघी उशिरा येत होत्या, त्यांचीच.

सई ताडकन उठली. दोन्ही हातांनी बोरं, चुरमुरे, करवे सोफ्याखाली ढकलायला लागली. गुडघ्यांवर, भराभरा, जोर लावून. कमरपट्टा तुटला, हलवा फरशीवर टपटप सांडला, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. बाकीच्या पोरांना ओरडून सांगत होती, ‘लपवा, लपवा, कोणीतरी आलं!’ पोरांना काय, त्यांना नवा खेळ मिळाला. बायका खळखळून हसल्या. एक वहिनी म्हणाल्या, अगं बाई, केवढी टापटीप आहे पोरीला! घरतकाकी पाटाशेजारीच गाणं म्हणत बसल्या होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकदा सईकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, आणि मग पुन्हा गाणं म्हणायला लागल्या. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि नळ सोडून नुसता उभा राहिलो.

सगळे गेल्यावर मनीषा कुंचा घेऊन सोफ्याखालची बोरं काढत होती. पाठमोरीच होती. तिने विचारलं, ही सवय हिला कुठून लागली? तिला शर्टाची गोष्ट माहीत होती, हेडफोनचीही. या कवायतीची नव्हती. तेव्हा सांगायला हवं होतं ना? दार बंद होतं, पोर झोपली होती, समोर हक्काची बायको होती. मी म्हणालो, मुलं काय, कुठूनही शिकतात.

उन्हाळ्यात मला नोकरी लागली. तळोज्याला, आधीच्यापेक्षा लहान कंपनी, पण नोकरी. आणि बघा माणूस किती लबाड असतो ते. नोकरी लागल्याबरोबर तो हिवाळा मला गोड वाटायला लागला. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून नव्या सहकाऱ्यांना सांगायला लागलो की मध्ये मी जरा ब्रेक घेतला होता, मुलीबरोबर वेळ घालवला, तुसात खेळलो, बिरडं सोललं. ब्रेक घेतला होता म्हणे! तरुण मुली म्हणायच्या, वा सर, असे बाबा हवेत. मी लाजून हसायचो आणि पोळीचा घास मोडायचो. जे उघड्या दाराने करायची माझी छाती झाली नाही, त्याच गोष्टीचं कौतुक मी पगार सुरू झाल्यावर उघड उघड घेत होतो.

घरी मात्र सई लपवत होती. अजून लपवते. रविवारी आम्ही दोघं बिल्डिंगखाली बांधकामाच्या रेतीत किल्ला करायला बसलो आणि कोणी जिन्यातून उतरलं, की ती किल्ल्यावर पाय देऊन तो मोडते, माझं बोट धरते आणि म्हणते, चल बाबा, घरी. घरात मळलेली माती असो, रंग असोत, बेल वाजली की सगळं दिवाणाखाली. आम्ही तिला किती वेळा सांगितलं की बाळा, खेळताना कोणी आलं तर येऊ दे, त्यात काही वाईट नाही. ती मान डोलावते आणि पुन्हा तेच करते. का लपवतेस, असं विचारलं की खांदे उडवते. मला दुसरं काही नको होतं, एवढंच हवं होतं की तिने हे सोडावं. पाच वर्षांच्या आत बोरन्हाण घालतात, म्हणजे हे तिचं शेवटचं. या वेळी बेल वाजली तर तिने नुसतं बसून राहावं.

मनीषाने मध्यंतरी एक गोष्ट बोलून दाखवली. म्हणाली, माझ्याबरोबर असते तेव्हा ती नाही लपवत. खरंच होतं. मनीषा गुळाच्या पोळ्या करत होती त्या दिवशी ही कोपरापर्यंत पिठात होती, वरच्या वहिनी विरजण मागायला आल्या, तर हिने त्यांना पिठाचा हातच हलवून दाखवला. मी म्हटलं, आई ती आईच. जरा लागलंही मनाला. त्या हिवाळ्यात हात उघडले मी, आणि मोकळेपणा मात्र आईच्या वाट्याला. त्यापलीकडे माझी अक्कल चालली नाही.

काल रविवार होता. मनीषा हळदीकुंकवाचं वाण आणायला पनवेलला गेली होती. बोरं शेवटी तीच आणणार होती. मी आणि सई फरशीवर परात घेऊन बसलो होतो. काकींनी या वर्षीचे वाल दिले होते, त्यांना मोड सुरेख आले होते. सई आता तरबेज झाली आहे, दाणा उडू न देता वाटीत सोडते. ऊन पायांवर आलं होतं. ती मला शाळेतल्या कुठल्याशा मुलाची तक्रार सांगत होती आणि मी हं हं करत होतो.

बेल वाजली. मी म्हणणारच होतो की बस, राहू दे. पण तोवर तिने परात टेबलाखाली लोटली होती. मग माझा हात ओढून स्वतःच्या फ्रॉकला पुसला, आधी उजवा, मग डावा, नीट, बोटांच्या मधूनसुद्धा. स्वतःचे हात तसेच ओले. आणि मला दोन्ही हातांनी ढकलत म्हणाली, ‘तू आत जा.’

मी गेलो! तेच तर सांगतोय. काही विचार न करता माझे पाय आतल्या खोलीकडे वळले. दाराआड जाऊन उभा राहिलो तेव्हा कळलं की आपण काय केलं. बाहेर कडी निघाल्याचा आवाज आला, आता तिचा हात पोचतो. मग घरतकाकींचा आवाज, बापूस कुठं हाय गो? आणि मग सईचा. खालच्या पट्टीतला, सभ्य, घाईत असलेल्या माणसाचा. तो आवाज माझा होता.

‘सॉरी हं, बाबा मीटिंगमध्ये आहेत. ते खेळत नाहीयेत.’

रविवारची कसली मीटिंग, असं काकी हसत विचारत होत्या. मी बाहेर आलो. माझे हात कोरडे होते, पोरीने पुसलेले. सईने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला, जणू मीच सगळं बिघडवलं. काकींच्या हातात शेंगांनी भरलेलं सूप होतं. मी म्हणालो की काकी, मीटिंग वगैरे काही नाही, आम्ही बिरडं सोलतोय. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एकदा तोंड उघडलंच होतं.

‘गेल्या वर्षीही नव्हती मीटिंग. नोकरीच नव्हती मला. घरी बसलो होतो.’

काकींनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं होतं त्या चकित होतील, निदान अगो बाई म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘आरं, ते सगल्यांना म्हाईत हाय. आख्ख्या बिल्डिंगला म्हाईत व्हतं. वर इस्त्रीचं शर्ट नि खाली हाफ पँट घालून मीटिंगला कोन बसतं रं?’ आणि मग जरा हळू आवाजात, ‘आमी म्हटलं, पोरगा लाजतंय, कशाला बोलायचं.’

सगळ्यांना माहीत होतं. कुरियरवाल्यालासुद्धा असणार. वरच्या वहिनींना, पंपवाल्याला, बोरन्हाणाला खळखळून हसलेल्या त्या सगळ्या बायकांना. हिवाळाभर मी जे सोंग आणलं त्याला एकही माणूस फसला नव्हता. ते खरं वाटलं होतं एकाच जिवाला, आणि तो जीव त्या वेळी साडेतीन वर्षांचा होता. तिला लाज शिकवली असं मी वर्षभर समजत होतो. तिला स्वतःची लाज नव्हतीच. मनीषाबरोबर ती लपवायची नाही, कारण आईला लपवावं लागत नाही हे तिला ठाऊक होतं. लपवायचं होतं ते बाबाला.

काकींना आता हसू आवरेना. कुचेष्टेने नाही, मायेनेच हसत होत्या. हाफ पँटची आठवण येऊन येऊन हसत होत्या. मीही हसणार होतो, तेवढ्यात सई आमच्या मधे आली. माझ्या गुडघ्यांना पाठ टेकवून, काकींकडे तोंड करून उभी राहिली. वालाच्या पाण्याने ओले झालेले दोन्ही हात तिने बाजूला ताणून पसरले, जेवढे पोचतील तेवढे.

‘माझ्या बाबाला हसायचं नाही,’ ती म्हणाली. ‘तो काम करतो.’

काकी हसायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता तू बोल, अशा नजरेने. मी त्या पसरलेल्या हातांच्या मागे उभा होतो, मघाशी दाराआड होतो तसाच.